बावखलांची यादी

विद्यार्थी कल्याण विभागाच्या सरांनी आमचा अर्ज दोनदा वाचला. मग तो उलटा करून मागच्या बाजूला काही लिहिलंय का तेही बघितलं. मागे कोरं होतं. तरी त्यांचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

"बावखल म्हणजे नक्की काय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. वसईच्या किनाऱ्याकडच्या गावांत, वाड्यांमधून, जुन्या लोकांनी खणलेली छोटी तळी असतात, त्यांना आम्ही बावखल म्हणतो. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि सावकाश जमिनीत मुरतं. समुद्र एवढ्या जवळ असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या त्या बावखलांमुळे. पूर्वी त्या पाण्यावर केळी, पानवेली, मोगरा व्हायचा. आता नळ आलेत, टँकर आलेत, आणि बावखलं बुजत चालली आहेत.

"आणि तुम्हाला त्याचं मंडळ काढायचंय."

"हो सर."

"त्यात करणार काय?"

"आधी मोजणार. किती उरलीत ते कुणालाच नीट माहीत नाही."

"तुम्हाला मोजायला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही."

सर खुर्चीत मागे टेकले. ते सोलापूरकडचे होते. विरार पूर्वेच्या आमच्या नव्या खासगी विद्यापीठात येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. तोवर विद्यापीठात नाचाचं मंडळ होतं, रोबोटवाल्यांचं होतं, शेअर बाजाराचं होतं. त्या मंडळांना कुणी 'तुमच्या मागे कोण आहे' असं विचारलं नसणार. आम्हाला विचारलं. कुठला पक्ष, कुठली संस्था, घरात कुणी नगरसेवक आहे का. माझ्या शेजारी माझी मैत्रीण बसली होती. विरार पश्चिमेला फ्लॅटमध्ये राहणारी, मूळ साताऱ्याकडची. तिने सांगितलं की तिचे वडील बँकेत आहेत आणि बावखल हा शब्दच तिने मागच्या महिन्यात माझ्याकडून ऐकला. सरांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हीच मुख्य असणार.

शेवटी त्यांनी आमच्याकडून हमीपत्र घेतलं. मोर्चा काढणार नाही, निवेदन देणार नाही, पत्रकारांशी बोलणार नाही. पंधरा विद्यार्थ्यांच्या सह्या आणि एका प्राध्यापकांची संमती आणा, मग बघू, म्हणाले. वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी संमती दिली, पण सही करताना पेन कागदावर टेकवून थांबल्या. "कुणाची तक्रार तर येणार नाही ना गं?" मी नाही म्हटलं. मला तसंच वाटत होतं.

पंधरापैकी अकरा सह्या मैत्रीखातर होत्या. पहिल्या बैठकीला कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर सहा जण आले. त्यात एक मुलगा होता, ज्याला मी बोलावलं नव्हतं. तो आमच्याच वर्षाचा, कामणचा. वसई-भिवंडी रस्त्यावर गोदामांच्या मधे त्याचं गाव. आम्ही प्रत्येकाने आपली ओळख सांगितली तेव्हा तो म्हणाला, "माझ्या भावाचे दोन डंपर आहेत. भरावाची कामं घेतो."

सगळे हसले. त्याने विनोद केला असं आम्हाला वाटलं. तो हसला नाही हे मला आठवतं, पण ते आठवायला मला पुढे बरेच महिने लागले.

माझ्या मैत्रिणीने लॅपटॉपवर तक्ता आखला. गाव, ठिकाण, लांबी-रुंदी, पाणी कितपत राहतं, मालकाचं नाव, जमिनीचा सर्व्हे नंबर, फोटो. त्या मुलाने तक्ता बघितला आणि विचारलं, "मालकाचं नाव कशाला?"

"मग कुणाचं आहे ते कळणार कसं?" मी म्हटलं.

"आपल्याला कळून काय करायचंय? तळं मोजायचंय ना?"

"नावाशिवाय यादी अर्धवट राहील."

त्याने लॅपटॉप परत मैत्रिणीकडे वळवला. माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. भावाचे डंपर असलेला मुलगा बावखलं वाचवायच्या मंडळात येतो काय आणि मालकांची नावं लिहू नका म्हणतो काय. मी मैत्रिणीला नंतर म्हटलं, "ह्याचं काहीतरी वेगळं आहे." ती म्हणाली, "असेल. पण त्याच्याकडे बाईक आहे."

यादीत पहिलं बावखल मी आमचंच लिहिलं. भुईगावला आमच्या घरामागे, पप्पांच्या आणि मोठ्या काकांच्या सामाईक वाडीत. उतरायला चार दगडी पायऱ्या, काठाला केवड्याचं बन. लहानपणी मी तिथे कासव बघितलं होतं. काकांनी तेव्हा ते हातात धरून मला दाखवलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं.

मग आम्ही रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी फिरायला लागलो. भुईगाव, मग आजूबाजूची गावं, मग वर अर्नाळ्याच्या रस्त्याला. अरुंद गल्ल्या, दोन्हीकडे कुंपणं, आणि प्रत्येक कुंपणाच्या आत कुणीतरी आमच्याकडे बघत उभं. वाडीत शिरण्याआधी आम्हाला ठरलेला प्रश्न यायचा: कुणाची माणसं तुम्ही? बिल्डरची, महापालिकेची, की तलाठ्याची? एका वाडीत मोगऱ्याच्या कळ्या खुडणारी बाई आमची टेप बघून टोपली घेऊन सरळ घरात निघून गेली आणि तिने दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मैत्रिणीच्या मोबाइलमधले फोटो एकेक करून पुसायला लावले आणि ते पुसले जाताना स्वतः बघत उभे राहिले.

तेव्हा मी माझी ओळख वापरायला सुरुवात केली. आमच्या घरची बोली वेगळी आहे, ती बाहेरच्याला येत नाही. इथे मी सगळं साध्या मराठीत लिहितेय. पण कुंपणाशी उभी राहून मी माझ्या बोलीत दोन वाक्यं बोलले, कुठल्या चर्चची, कुणाची नात ते सांगितलं, की फाटक उघडायचं. "आमचीच पोर आहे," असं म्हणून लोक आत घ्यायचे, सरबत द्यायचे. मग मी सांगायची, "काही नाही हो, कॉलेजचं काम आहे. यातून काही होणार नाही." आणि नाव आणि सर्व्हे नंबर लिहून घ्यायची. तो कामणचा मुलगा टेपचं दुसरं टोक धरून पलीकडच्या काठाला उभा असायचा, आणि मी नाव विचारायला लागले की नजर दुसरीकडे वळवायचा. मी तेही मनात टिपून ठेवलं.

चार महिन्यांत चाळीसच्या आसपास बावखलं झाली. आम्ही विद्यापीठाच्या वार्षिक दिवशी एक मोठा नकाशा लावला, त्यावर निळे ठिपके. सरांनी येऊन तो बराच वेळ बघितला. नावं छापली नाहीत ना, एवढंच विचारलं. नकाशावर नव्हती. ती तक्त्यात होती, आणि तो ऑनलाइन तक्ता आम्हा सहा जणांनाच उघडता यायचा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी यादीतलं सातव्या क्रमांकाचं बावखल गेलं. आमच्या गावाच्या पलीकडच्या टोकाला, रस्त्यालगतच्या क्रुसाच्या मागे होतं. मी चर्चमधून घरी येत होते, तर तिथे राबिट, म्हणजे पाडलेल्या बांधकामाचा कचरा, आणि लाल मातीचा ढीग सपाट केलेला. कडेला अजून थोडं पाणी दिसत होतं आणि त्यात फुटक्या फरशांचे तुकडे. मी फोटो काढला, गटावर टाकला. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. कामणच्या मुलाने काहीच लिहिलं नाही.

पंधरा दिवसांत आणखी एक. मग महिनाभराने दोन एकदम. चारही आमच्या यादीतली. यादीत नसलेली बावखलं, ज्यांच्या मालकांनी आम्हाला आत घेतलं नव्हतं, ती जशीच्या तशी होती. मी मुद्दाम सायकलवरून जाऊन बघितली. म्हणजे यादी फुटली होती, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. कुणीतरी ती जमिनीच्या दलालाकडे पोचवली होती: कुठे किती जागा, कुणाची, सर्व्हे नंबर काय, सगळं तयार. आणि ती आम्ही, मी, तयार करून दिली होती.

चौथ्या बावखलावर भराव पडत असताना मी स्वतः डंपर बघितला. मागच्या फळीवर पिवळ्या रंगात 'कामण' लिहिलेलं.

आज विचार केला तर वाटतं, आमच्या भागात फिरणारे निम्मे डंपर तिकडचेच असतात. तेव्हा मला तो एकच शब्द पुरला. मी कुणाला काही बोलले नाही. मैत्रिणीलाही नाही. उलट मला तिचाही थोडा संशय यायला लागला होता, कारण तक्ता तिच्या लॅपटॉपवर होता आणि तिच्या सोसायटीत एक दलाल राहायचा. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम एकदा म्हणाल्या होत्या की त्या वसईत प्लॉट बघताहेत. तेही मला आठवलं. कट्ट्यावर बसले की मी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायची. कोण फोन घेऊन लांब जातंय, कोण काय विचारतंय. मंडळ माझं होतं आणि त्यात मला एकही माणूस भरवशाचा वाटत नव्हता.

मग मी एक गोष्ट केली, जी सांगायला मला अजून जड जातं. मी तक्त्याची वेगळी प्रत बनवली, त्यात एक खोटं बावखल घातलं. भुईगाव आणि शेजारच्या गावाच्या शिवेवर, एका मोकळ्या पडीक जागेत, जिथे कधीच काही नव्हतं. मोठं दाखवलं, रस्त्याला लागून, कुणालाही मोह पडेल असं. मालकाचं नाव मनाने लिहिलं. ती प्रत मी फक्त कामणच्या मुलाला पाठवली, "नवीन यादी, हीच वापर" म्हणून. आणि रोज त्या जागेवरून चक्कर मारायला लागले. कुणी बघायला येतंय का, गाडी थांबते का, कुणी नाव घेऊन चौकशी करतंय का.

कुणी आलं नाही. महिना गेला. यावरून तो निर्दोष आहे असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं, तो सावध झाला.

परीक्षेच्या आधी मी बैठक बोलावली. सहाही जण होते. मी आधीच त्याला तक्त्यातून काढून टाकलं होतं, त्याला न सांगता. त्याने बसल्या बसल्या फोनवर बघितलं आणि म्हणाला, "मला यादी उघडत नाहीये."

"तुला आता ती लागणार नाही," मी म्हटलं.

मग मी सगळं बोलले. चार बावखलं, कामणचा डंपर, पहिल्या दिवशीचा त्याचा प्रश्न. माझा आवाज चढलेला नव्हता, मला त्याचं तेव्हा कौतुकही वाटलं. बाकीचे चौघं खाली बघत होते.

त्याने मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "भाऊ भराव टाकतो हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही हसलात."

"म्हणजे त्यानेच टाकला?"

"एका ठिकाणी टाकला. बाकी कुणी ते माहीत नाही. पण भराव टाकायला यादी लागत नाही गं. मालक फोन करतो, गाडी जाते."

"मालक कशाला फोन करेल? चार महिन्यांपूर्वी त्यांनीच आम्हाला सरबत दिलं."

"ते तू त्यांना विचार."

"मी तुला विचारतेय."

तो उठला. बॅगेतून आमची टेप काढली, ती त्याच्याकडेच राहायची, आणि कट्ट्यावर ठेवली. "मी सांगितलं होतं नावं लिहू नका," एवढंच म्हणाला आणि पार्किंगकडे गेला. बाईक सुरू झाल्याचा आवाज आला. माझी मैत्रीण म्हणाली, "तुला नक्की खात्री आहे?" मी म्हटलं, आहे.

परीक्षा झाल्या. मे महिन्यातली गोष्ट. मी दुपारी लायब्ररीची पुस्तकं परत करून घरी आले, तर आमच्या गल्लीत मातीत टायरचे ठसे उठलेले. वाडीकडून इंजिनाचा आवाज येत होता. मी चप्पलसुद्धा नीट न घालता मागे पळाले. आमच्या बावखलाच्या काठाला डंपर उभा होता, मागचा भाग वर उचललेला, आणि मुरूम सरसर पाण्यात पडत होता. दोन पायऱ्या बुजल्या होत्या. केवडा आधीच तोडून बाजूला रचला होता.

माझ्या डोक्यात आलं ते एवढंच, की त्याने सूड घेतला. पहिल्या क्रमांकाचं, माझं बावखल.

मी ड्रायव्हरला ओरडून गाडी थांबवायला लावली. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

ड्रायव्हर वयस्क माणूस होता. त्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या मागे बोट दाखवलं. मागे माझे काका उभे होते. बनियनवर, हातात छत्री, उन्हासाठी.

"त्यांना काय विचारतेस," काका म्हणाले. "मी बोलावलं."

मला आधी कळलंच नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं.

"पण का?"

"का म्हणजे? तुझ्याच यादीत पहिला नंबर आमचा आहे ना?"

"काका, ती यादी वाचवायसाठी आहे."

"तेच तर. वाचवायचं म्हणजे काय, तर उद्या सरकार येणार, बोर्ड लावणार. मग बावखलाला हात लावायचा नाही, काठाला बांधकाम करायचं नाही. माझ्या मुलाला घर बांधायचंय पुढच्या वर्षी. त्याचं लग्न झालं की कुठे राहणार तो? आता बुजवून टाकलं की प्रश्न मिटला. नसलेल्या बावखलाला कोण बोर्ड लावणार?"

"सरकारला यादी दिलेलीच नाही आम्ही. सरांनी लिहूनच घेतलंय, कुणाला निवेदन द्यायचं नाही म्हणून."

"आज नाही दिली. उद्याचं कुणी सांगावं? नाव लिहिलंय, सर्व्हे नंबर लिहिलाय. जे लिहिलं जातं ते कुठेतरी जातंच."

मी त्या बाकीच्या चार बावखलांचं विचारलं. त्यांनी अगदी सहज सांगितलं. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात बोलणं व्हायचं. क्रुसामागच्या वाडीवाल्याने आधी बुजवलं, त्याने दुसऱ्याला सांगितलं, असं करत गेलं. अजूनही दोघातिघांच्या मनात होतं. प्रत्येकाने आपापला फोन केला होता, आपापल्या ओळखीच्या डंपरवाल्याला.

"आणि मला कुणीच सांगितलं नाही?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना राग आलेला नव्हता, उलट जरा वाईटच वाटत होतं असं मला दिसलं. "तुला कसं सांगणार?" ते म्हणाले. "तूच तर लिहून घेणारी."

मी पप्पांकडे गेले. ते पुढच्या ओट्यावर बसले होते, पेपर समोर धरून. त्यांना माहीत होतं. दोन आठवडे माहीत होतं. जेवताना मी मंडळाबद्दल बोलायची तेव्हा ते आणि मम्मी एकमेकांकडे का बघायचे ते मला त्या दिवशी कळलं. म्हणजे इतके दिवस मी कट्ट्यावर बसून पाच जणांच्या तोंडाकडे बघत होते, आणि तेवढाच वेळ माझं गाव, माझं घर, माझ्या तोंडाकडे बघत होतं.

वाडीत संध्याकाळपर्यंत चार खेपा झाल्या. मी आतल्या खोलीत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉप उघडून तिने मालकाचं नाव आणि सर्व्हे नंबर असे दोन्ही रकाने पुसून टाकले, आणि ज्यांच्याकडे प्रती होत्या त्यांनाही पुसायला लावलं. "आता त्याच्याकडे जायला हवं," ती म्हणाली. मला ते माहीत होतं. मी तिला म्हटलं, तू चल.

आम्ही बसने कामणला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, त्यांची निळी पत्र्याची छपरं, मधेच एखादं शेत. त्याचं घर रस्त्यापासून आत होतं. तो अंगणात नळी घेऊन डंपर धुत होता. आम्हाला बघून त्याने नळ बंद केला, आईला हाक मारून पाणी आणायला सांगितलं आणि आमच्यासाठी दोन खुर्च्या आणल्या. स्वतः उभा राहिला.

मी जे सांगायचं ते सांगितलं. काका, चर्चचं आवार, सगळं. माफ कर म्हटलं. पाठ करून गेले होते, पण तिथे वाक्यं मागेपुढे झाली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "भावाला मालकाचा फोन आला तेव्हाच कळलं होतं. त्या मालकाने फोनवर सांगितलं होतं, पोरी लिहून घेऊन गेल्यात, लवकर करा."

"मग तू बोलला का नाहीस बैठकीत?"

"मालक आपल्या यादीला घाबरले म्हटलं असतं, तर तू माझं ऐकणार होतीस का?" मग म्हणाला, "आणि भावाचं गिऱ्हाईक. त्याचं नाव मी कसं घेणार सगळ्यांसमोर?"

मी मान हलवली. मग त्याने विचारलं, "ते शिवेवरचं बावखल खोटं होतं ना?"

माझ्या मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. तिला ते माहीत नव्हतं.

"मी गेलो होतो तिथे," तो म्हणाला. "फोटोचा रकाना रिकामा होता म्हणून. म्हटलं आपण काढून टाकू. दुपारभर शोधलं. एका बाईला विचारलं, ती म्हणाली इथे कधीच पाणी नव्हतं. मला वाटलं मीच चुकीच्या जागी आलोय. दुसऱ्या रविवारी परत गेलो."

त्याच्या आईने पाणी आणलं, ते आम्ही प्यालो. निघताना मैत्रिणीने त्याला मंडळात परत ये म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बघतो. तो आला नाही. वर्गात भेटला की बोलायचा, वहीसुद्धा मागायचा, पण कट्ट्यावर पुन्हा कधी बसला नाही.

मंडळ बंद करावं असं मला वाटत होतं. बंद करायलाही अर्ज लागत होता, आणि तो घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, ते म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "आमच्या गावी विहिरींची नोंद करायला माणसं आली होती, तेव्हा माझ्या वडिलांनी विहिरीवर कडबा रचून ठेवला होता." मग अर्ज माझ्याकडे परत सरकवून म्हणाले, "यादी न करता काही करता येतंय का बघा." त्यांच्यावरही मी संशय घेतला होता, हे त्यांना कधी कळलं नाही.

शेवटच्या वर्षी आम्ही यादी केली नाही. कुणी बोलावलं तरच जायचं, गाळ काढायला, शेवाळ काढायला मदत करायची, असं ठरवलं. वर्षात तीनच ठिकाणी बोलावलं. भुईगावातून एकानेही नाही.

त्या वर्षी मार्चमध्ये एका सकाळी कामणच्या मुलाचा मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही. अर्नाळ्याच्या रस्त्यावरच्या एका वाडीचं ठिकाण, आणि खाली एक ओळ: 'उद्या इथे भराव आहे. बोलायचं तर आज जा. माझं नाव घेऊ नको.'

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की हा का सांगतोय. यात त्याचं काय. मग मला माझीच लाज वाटली. मी आणि मैत्रीण लगेच निघालो.

मालकीणबाई पन्नाशीच्या होत्या, तांदूळ निवडत दारात बसलेल्या. आम्हाला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"कोन तुम्ही? लिहिनार काय?"

"नाही मावशी, लिहिणार नाही. वही पण आणली नाही." मी दोन्ही हात पुढे करून दाखवले. मैत्रिणीने बॅग उघडून दाखवली. मावशींनी बॅगेत खरोखरच डोकावून बघितलं.

"मग कशाला आल्या?"

"तुमचं बावखल बघायला."

"उद्या बुजवायचाय तो."

"म्हणूनच."

त्यांनी आम्हाला कोणी सांगितलं ते तीनदा विचारलं. मी नाव घेतलं नाही. मग कशाला बुजवताय ते मी विचारलं. मुलाला रिक्षा ठेवायला शेड बांधायचीय, म्हणाल्या. आणि डास फार. आम्ही काठावर जाऊन उभे राहिलो. पाणी हिरवं झालं होतं, पण खोल होतं. शेजारी त्यांची विहीर होती. मी विचारलं, विहिरीचं पाणी कसं आहे.

"पानी गोड हाय अजून. शेजारनीचं मचूळ झालं गेल्या साली."

"शेजारणीचं बावखल होतं?"

"व्हता. बुजवला." एवढं बोलून त्या थांबल्या आणि विहिरीकडे बघत राहिल्या. मी पुढे काही बोलले नाही. मला भाषण करायची सवय होती, ती त्या वर्षात मोडली होती.

"रिक्षाला केवढी जागा लागते?" मैत्रिणीने विचारलं. मग तिने पावलं टाकून मोजलं, आणि तीन बाजूंनी फिरून पुन्हा मोजलं. मावशी तिच्या मागे मागे फिरत होत्या, ती कुठे टिपून ठेवतेय का ते बघत.

दुसऱ्या दिवशी डंपर आला. कुणाचा होता ते मी विचारलं नाही. दोन खेपा झाल्या आणि मावशींनी तिसरी परत पाठवली. रस्त्याकडचा अर्धा भाग बुजला, विहिरीकडचा अर्धा राहिला. आम्ही पुढच्या रविवारी जाऊन त्यातलं शेवाळ काढलं आणि दुसऱ्या बावखलातली, डास खाणारी लहान मासळी बादलीतून आणून सोडली. मावशी पूर्ण वेळ दारात उभ्या होत्या.

आता मी नोकरी करते. अर्नाळ्याच्या रस्त्याने गेले की तिथे थांबते. शेड झालीय, रिक्षा उभी असते, तिच्यामागे तेवढं पाणी आहे. मावशी ओळखतात, चहा देतात, आणि माझ्या हातात फोन दिसला की विचारतात, फोटो काढत नाहीस ना.